हाला भाभींना बोटीवरून कुणी उतरवलं

हसनमामूंनी सीरियाच्या एका शामी बाईला आणि तिच्या लेकीला भर समुद्रातून उतरवून घेतलं, ही गोष्ट आमच्या घराण्यात लग्नकार्याला, ईदेला, मयताला, कुठेही चार माणसं जमली की निघतेच. गेल्या वर्षी माझ्या नातवाच्या साखरपुड्यातही ती निघाली. सांगणारा भाचा तेव्हा जन्मलाही नव्हता, पण लाटा किती उंच होत्या ते तो हात वर करून दाखवत होता. त्या दिवशी लाटा नव्हत्याच. समुद्र तेलासारखा सपाट होता. आणि उतरवणारे हसनमामू नव्हते. हे सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलो आहे आणि मीच इतकी वर्षं ते सांगितलेलं नाही, म्हणून हे प्रकरण.

तेव्हा अमिरात नावाचा देश नव्हता. दुबई होती, खाडी होती, खाडीच्या दोन्ही काठांना माती-दगडाची आणि खजुराच्या झावळ्यांची घरं होती. मी मिसरूड फुटता फुटता रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून मामूंकडे आलो. खाडीच्या ज्या काठाला देरा म्हणतात तिथं मामूंची खानावळ होती. खाली चूल आणि बाकडी, मागे आम्ही, वर गच्चीला लागून एक खोली. पाणी गाढवावरून डब्यांनी यायचं आणि गाढववाल्याची हाक हीच आमची पहाट. मुमानी, म्हणजे माझी मामी, उठली की आधी परातीत भाकरी थापल्याचा आवाज यायचा, मग तिचा. तांदळाची भाकरी, शेरी माशाचं तिखलं, गावाकडून एखाद्या खलाशानं आणलेला सुका जवळा. गल्लीतल्या अरब बायका नाकाला ओढणी लावून जायच्या आणि परत येऊन चव मागायच्या. मी बंदरावर लाँच चालवायचो. मोठ्या आगबोटी खाडीत शिरत नसत, बाहेर समुद्रात नांगर टाकून उभ्या राहत. त्यांच्यापर्यंत जायचं, शिडीखाली लाँच लावायची, माणसं आणि ट्रंका उतरवून घ्यायच्या आणि काठाला आणायच्या, हे माझं काम.

वरच्या खोलीत दोन मास्तर भाड्यानं राहत. फहमी उस्ताद इजिप्तचे, म्हणजे आमच्या बोलीत मिसरी. नाझिम उस्ताद सीरियाचे, म्हणजे शामी. दोघांचे देश त्या वेळी एकत्र आले होते, एकच प्रजासत्ताक, एकच झेंडा, एकच पासपोर्ट, आणि त्या सरकारनंच मास्तरांची एक तुकडी इकडच्या शाळेत शिकवायला पाठवली होती. पगार कैरोहून यायचा. फहमी उस्ताद या तुकडीचे प्रमुख. जाडजूड, कायम कोट घातलेले, घाम पुसत बोलणारे. नाझिम उस्ताद बारीक, गोरे, बोलायचे कमी आणि टोचायचे जास्त. सकाळी फहमी उस्तादांना शिजवलेल्या वालांसारख्या दाण्यांची उसळ लागायची. नाझिम उस्ताद म्हणायचे, आमच्याकडे हे गाढवाला घालतात. फहमी उस्ताद म्हणायचे, म्हणूनच तुमची गाढवं तुमच्यापेक्षा धट्टीकट्टी आहेत. मुमानीला अरबी येत नव्हतं, पण दोघं भांडताना ती चुलीपाशी बसून खुदुखुदु हसायची. रेडिओ लागला आणि कैरोची गाणी सुरू झाली की दोघं एकाच बाकड्यावर, एकाच वेळी डोळे मिटायचे.

मग एका दिवशी त्याच रेडिओवरून कळलं की सीरियानं अंग काढून घेतलं. दमास्कसमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि दोन देशांचे पुन्हा दोन झाले. मला त्यातलं राजकारण तेव्हा कळलं नाही आणि आताही मी ते शिकवायला बसलेलो नाही. पण एवढ्या लांब घडलेली गोष्ट आमच्या जिन्यावरून कशी वर चढली ते मी पाहिलं. पहिल्याच महिन्यात नाझिम उस्तादांचा पगार आला नाही. इजिप्तनं ही फारकत मानलीच नव्हती, पण शामी मास्तरांना पगार द्यायचंही थांबवलं होतं. शाळेतली पोरं कैरोच्या रेडिओवर वाढलेली, ती त्यांच्या तासाला पाठ फिरवून बसू लागली. भूगोलाच्या नकाशात दोन्ही देश एकाच हिरव्या रंगात होते. एका पोरानं विचारलं, उस्ताद, आता तुमचा रंग कोणता? ते नकाशा गुंडाळून घरी आले. शेजारच्या कापडवाल्याकडे दमास्कसचं रेशीम होतं. त्यानं ते आतल्या फळीवर ढकललं आणि गिऱ्हाइकाला ते बैरूतचं म्हणून सांगायला लागला. खानावळीत संध्याकाळी येणारे तरुण अरब मामूंना विचारू लागले, हाजी, तो फितूर अजून वरच राहतो का?

मामूंना वाटलं, हे आपण मिटवू. त्यांना असल्या गोष्टीचा अनुभव होता. फाळणी झाली तेव्हा मामू मुंबईच्या बोटीवर होते आणि त्यांचा थोरला भाऊ कराचीच्या गोदीत. एकानं हिंदुस्थान लिहिलं, दुसऱ्यानं पाकिस्तान, आणि त्यानंतर आईच्या मयतालाही थोरल्याला गावी येता आलं नाही. आमच्या किनाऱ्यावर असं एक घर दाखवता येणार नाही ज्यात कुणी तिकडे अडकला नव्हता. त्यामुळे मामूंना पक्कं ठाऊक होतं की देश तुटला की माणसाला एक बाजू लिहून द्यावी लागते, आणि ती जितकी लवकर दिली तितकं बरं. जेवताना त्यांनी दोघांसमोर आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत नाझिम उस्तादांना समजावलं, "माझ्या भावानं कराची लिहिली, मी रत्नागिरी लिहिली. तुम्ही मिसर लिहा. पगार चालू होईल. खलास."

मामूंनी हे पोटातून सांगितलं होतं. नाझिम उस्तादांचा चेहरा मात्र चुन्यासारखा झाला. फहमी उस्ताद हसले असते तर कदाचित निभावलं असतं, पण ते गंभीरपणे म्हणाले की हाजी बरोबर बोलतोय. नाझिम उस्ताद उठले. म्हणाले, तीन वर्षं तुम्ही आम्हाला धाकटा भाऊ म्हणून राबवलंत, आता पोटासाठी गुलाम म्हणून लिहून देऊ? इजिप्तच्या पैशाचा घासही मला नको. फहमी उस्तादांनी त्यांना फितूर म्हटलं, तेही सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत मधोमध दोरी बांधून चादर टांगलेली होती. दोघं तिच्या दोन बाजूंना राहू लागले. मामू मला म्हणाले, "अरे, मी काय वाईट बोललो?" मी सांगितलं, काही नाही. खरंच मला वाटत होतं की त्यांचं बरोबर आहे. आम्हा लोकांना फाळणीशिवाय दुसरं मापच माहीत नव्हतं.

याच सुमाराला हाला भाभी वाटेवर होत्या. हाला म्हणजे नाझिम उस्तादांची बायको. सगळं ठीक असतानाच त्यांनी तिला बोलावून घेतलं होतं. ती लहानग्या लेकीला, सलमाला, घेऊन दमास्कसहून बगदाद, तिथून बसरा अशी निघाली आणि बसऱ्याहून तिनं आगबोट धरली. हातात पासपोर्ट जुन्या प्रजासत्ताकाचा. बंदरावर तेव्हाच हुकूम आला होता की सीरियाच्या माणसांचे हे पासपोर्ट चालतात की नाही ते ठरेपर्यंत त्यांना उतरवू नये, जबाबदार माणसानं हमी घेतली तरच उतरवावं. बोट दुबईनंतर मस्कत, कराची आणि मग थेट मुंबई. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं, भाषा येत नव्हती, आणि परतीचं भाडं द्यायला नवऱ्याकडे काही उरलं नव्हतं.

नाझिम उस्ताद मामूंकडे आले. बाकड्यावर बसले आणि खाली मान घालून म्हणाले की हाजी, तुम्ही हमी घ्या. मामूंनी नाही म्हटलं. हे लिहिताना माझा हात अडतो, पण तसंच झालं. ते म्हणाले, मी स्वतः इथं परका, उद्या माझी खानावळ बंद केली तर ही दहा माणसं कुठे जातील? मुमानी आतून ऐकत होती. तिनं भांडं इतक्या जोरात आपटलं की मामूंनी दचकून तिकडे पाहिलं, पण शब्द फिरवला नाही. मामू वाईट नव्हते. एकदा सरकारी कागदावर एक शब्द लिहून त्यांनी सख्खा भाऊ गमावला होता. त्यानंतर कुठल्याही कचेरीत आपलं नाव पोचू नये, एवढीच त्यांची धडपड असे.

बोट आली त्या सकाळी नाझिम उस्ताद पलीकडच्या काठावर, पासपोर्टांचं काम बघणाऱ्या इंग्रज साहेबाच्या कचेरीच्या दारात जाऊन बसले होते. मी लाँच सुरू करत होतो तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली. फहमी उस्ताद. काळा सूट, टाय, छातीवर झेंड्याचा बिल्ला, आणि कपाळावरून घामाच्या धारा. मला म्हणाले, "यल्ला, चल, मला बोटीवर ने." मला वाटलं, बाईला उतरू देऊ नका असं सांगायला हे निघालेत. मी इंजिनात काहीतरी बिघाड काढायच्या बेतात होतो. त्यांनी ते ओळखलं असावं. लाँचमध्ये पाय टाकत म्हणाले, इसूफ, मला पोहता येत नाही, तेव्हा जे काही मनात असेल ते परतताना कर.

बोटीच्या डेकवर कोपऱ्यात हाला भाभी ट्रंकेवर बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, चेहरा पिवळा. मांडीवर सलमा झोपलेली. उतरणारी माणसं उतरून गेली होती. बंदराचा कारकून टेबल आवरत होता. तो आमच्याकडचाच, मुंबईचा, आणि मनानं बरा. मला हिंदीत म्हणाला, मी काय करू भाई, ही ज्या मुल्काची आहे तो मुल्क यांच्यातून निघून गेला, मग हा पासपोर्ट कुणाचा?

कारकून काय म्हणाला ते फहमी उस्तादांनी मला अरबीत विचारलं, मी सांगितलं. मग ते टेबलापाशी गेले आणि शाळेत धडा देतात तसे बोलू लागले, आणि मी एकेक वाक्य हिंदीत करत गेलो.

"कुणी सांगितलं सीरिया गेला? माझं सरकार म्हणतं, गेला नाही. मी रोज वर्गात सांगतो, गेला नाही. तुमचं सरकार गेला म्हणतं का? म्हणत असेल तर मला लेखी द्या, मी कैरोला पाठवतो."

कारकुनाकडे लेखी देण्यासारखं काही नव्हतं. त्याला फक्त थांबा असं सांगितलं होतं.

"मग हा पासपोर्ट माझ्या प्रजासत्ताकाचा आहे. ही बाई माझ्या प्रजासत्ताकाची आहे. आणि इथं त्या प्रजासत्ताकाचा सगळ्यात मोठा माणूस मी आहे. हमी माझी."

इथल्या मास्तरांपैकी सगळ्यात मोठे, एवढंच खरं होतं. पण सूट होता, बिल्ला होता, आणि मीही भाषांतर करताना थोडी भर घातली. वर कप्तानाचा माणूस घाई करत होता. कारकुनानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या बाईकडे, आणि शिक्का मारला. ज्या हट्टापायी फहमी उस्तादांनी सोबत्याला फितूर म्हटलं होतं, त्याच हट्टानं त्यांनी त्याची बायको उतरवून घेतली. मला ते त्या क्षणी कळलं नाही. मी एवढंच पाहिलं की झोपलेल्या सलमाला खांद्यावर घेऊन हा जाडजूड माणूस दोरीच्या शिडीवरून एकेक पायरी चाचपत उतरतोय, आणि त्याचे ओठ हलतायत.

लाँचमध्ये बसल्यावर हाला भाभी रडत होत्या. मग फहमी उस्ताद मला म्हणाले, "नाझिमला सांग, तुझ्या मामानं हमी घेतली. माझं नाव कळलं तर तो हिला परत बोटीवर चढवेल, एवढा तो गाढव आहे." थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाले, "आणि माझ्या लोकांना कळलं तर ते मला नोकरीवरून काढून घरी धाडतील." हाला भाभींना त्यांनी तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली. काठ जवळ आला तशी त्यांनी अंगावरची चादर नीट केली. धक्क्याच्या अलीकडेच फहमी उस्ताद उतरले आणि मागल्या गल्लीनं शाळेकडे गेले.

दुपारी नाझिम उस्ताद कचेरीतून हात हलवत परत आले तेव्हा त्यांची बायको आमच्या चुलीपाशी बसून भाकरी खात होती आणि सलमा मुमानीच्या कडेवर होती. त्यांनी मला विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, मामूंनी हमी घेतली. ते धावत जाऊन मामूंच्या गळ्यात पडले. मामूंनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मामू नुसते नाझिम उस्तादांच्या पाठीवर थोपटत राहिले. मुमानीनं मात्र त्या दिवशी मामूंच्या ताटात माशाचं डोकं वाढलं, जे ती फक्त ईदेला वाढायची.

आणि फहमी उस्तादांच्या ताटातलं तिखलं बंद झालं. ज्यानं चारचौघांत शेजाऱ्याला फितूर म्हटलं त्याला माझ्या हातचा मासा नाही, असं मुमानीनं ठरवलं. ते गल्लीच्या कोपऱ्यावर दुसऱ्या एका मास्तरांच्या खोलीत राहायला गेले होते, पण जेवण आमच्याकडूनच जायचं. पातळ डाळ आणि भात. नेऊन द्यायचो मीच. ते झाकण उघडत, डाळीकडे पाहत आणि मला म्हणत, तुझ्या मामीला सलाम सांग, बाई तत्त्वाची आहे. वर्ष संपल्यावर ते मायदेशी परत गेले. त्यांना बोटीवर मीच पोचवलं. शिडीला हात घालण्याआधी त्यांनी माझा गाल थोपटला आणि विचारलं की ती छोटी आता अक्षरं काढते का. मी म्हटलं, काढते. इन्शाल्ला, सुंदर काढेल, म्हणाले आणि चढले. पुन्हा त्यांची खबर कळली नाही.

इथवर मी गप्प राहिलो, ते त्यांच्या सांगण्यावरून. त्याचं मला ओझं नाही. ओझं पुढचं आहे. नाझिम उस्तादांनी काही वर्षं व्यापाऱ्यांच्या पोरांना घरी शिकवून दिवस काढले. मग अल ऐनला त्यांना शाळेत नोकरी मिळाली. एका ईदेला सगळे देऱ्याला आमच्याकडे आले. मामू आता थकले होते, लोडाला टेकून बसले होते. जेवणं झाल्यावर नाझिम उस्ताद हसत म्हणाले की ही हाला आता म्हणते, मला त्या मिसऱ्यानं उतरवलं. मी म्हणतो, तुला बोट लागली होती, तुला काय दिसलं असेल. मग माझ्याकडे वळले. "इसूफ, तू होतास. सांग, कोण होतं?"

फहमी उस्तादांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. हाला भाभी माझ्याकडे पाहत होत्या, शांतपणे, आता हा सांगेल अशा खात्रीनं. आणि मामू लोडावरून माझ्याकडे पाहत होते. भोवती माझी बायको, मुलं, सगळा गोतावळा.

मी म्हणालो, मामूंनीच.

हाला भाभींनी डोळे खाली केले आणि सलमाच्या वेणीला लागल्या. पुन्हा त्या आमच्या घरी आल्या की नाही ते मला आठवत नाही. बहुधा नाही. एका भल्या बाईला तिच्या नवऱ्यासमोर, तिच्या लेकीसमोर मी खोटं पाडलं, आणि तेही जिचा खरेपणा फक्त मलाच माहीत होता तिला.

मामू गेले, मुमानी गेली, मग नाझिम उस्ताद, मग हाला भाभी. मी दुबईतच, अल बर्शाला मुलाकडे राहतो. नातवंडं माझ्याशी इंग्रजीत बोलतात, मी मराठीत उत्तर देतो, आमचं चांगलं चालतं. साखरपुड्यातल्या त्या लाटा पाहिल्यावर मात्र मला झोप येईना. मुलाला म्हटलं, मला अल ऐनला ने. तो म्हणाला, अब्बा, दोन तासांचा ड्राइव्ह आहे, फोन करा ना. मी म्हटलं, फोनवर होणारं काम नाही.

सलमाला आता नातवंडं आहेत. गुडघे दुखतात, काठी घेऊन दारापर्यंत आली. मला ती लहानपणापासून अम्मू म्हणते, त्यांच्याकडे काकाला म्हणतात तसं. कॉफी, खजूर, तब्येतीच्या चौकशा झाल्या. मग मी सगळं सांगितलं. सूट, बिल्ला, शिडी, मामूंनी नाही म्हटलं ते, आणि त्या ईदेच्या दिवशी मी काय केलं ते. सांगताना मी चटईकडे पाहत होतो. संपल्यावर वर पाहिलं तर ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अम्मू, यासाठी एवढ्या उन्हात आलात?" म्हणाली. "त्या दिवशी परत येताना गाडीत आई तोंड फिरवून बसली होती. बाबा म्हणाले, हाला, रुसू नकोस. इसूफ मामाकडे बघत बोलला, माझ्याकडे नाही. तू खरं सांगतेस ते मला कळलं. पण म्हाताऱ्याला त्याच्या घरात, त्याच्या माणसांत कसा उघडा पाडणार तो? मीच विचारायला नको होतं."

मी एवढंच विचारलं, मग तुम्ही पुन्हा घरी का आला नाहीत?

"आलो की. मुमानींच्या मयताला आलो होतो. तुम्हीच आमच्याशी बोलला नाहीत. तुम्ही आई दिसली की उठून आत जायचात."

मला ते आठवत नव्हतं. आता आठवलं.

संध्याकाळची, मगरीबची अजान झाली. मला खाली बसता येत नाही म्हणून तिनं खुर्ची दिली आणि ती स्वतःही खुर्चीवर बसली. नमाजनंतर तिनं दुआ मागायला हात वर केले आणि तिच्या वडिलांचं नाव घेतलं, आईचं नाव घेतलं. मग रोजची सवय असावी तशी, जराही न थांबता, फहमी उस्तादांचं नाव घेतलं. आणि त्यांच्यामागोमाग हसनमामूंचं.

मी आमीन म्हणालो. बाहेर मुलगा गाडीचा एसी लावून वाट पाहत होता.